देठावर तगलेलं नाक

ऑक्टोबर 1794च्या 'जंटलमन्स मॅगझिन' या लंडनच्या मासिकात एक पत्र छापून आलं. खाली सही दोनच अक्षरांची, बी. एल. सोबत एका माणसाचं चित्र. डोक्याला मुंडासं, कपाळावर वण आणि चेहऱ्यावर नवं नाक. माणसाचं नाव इंग्रजीत कोवासजी असं लिहिलंय. जातीने मराठा शेतकरी, काम इंग्रजी फौजेचे बैल हाकण्याचं. 1792च्या लढाईत तो टिपूच्या हाती सापडला. टिपूच्या माणसांनी त्याचं नाक आणि एक हात कापला आणि त्याला सोडून दिलं. पुढे कंपनी सरकारने त्याला पेन्शन दिली. वर्षभर तो बिननाकाचाच वावरला. मग पुण्याजवळच्या एका वीटकऱ्याने त्याला नवं नाक बसवलं.

वीटकरी हा शब्द माझ्या पदरचा नाही, पत्रातच तसं आहे. विटा-मडकी भाजणाऱ्या कुंभार जातीतला माणूस. त्याचं नाव पत्र लिहिणाऱ्याने दिलेलं नाही. मुंबई इलाख्यातल्या थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोन डॉक्टरांची नावं मात्र दिली आहेत, कारण त्यांनी ही शस्त्रक्रिया होताना पाहिली होती. कापणारा अनामिक, बघणारे नामवंत. आपल्याकडच्या कारागिरांच्या बाबतीत हे नेहमीचंच.

पुणं तेव्हा सवाई माधवरावांचं आणि नाना फडणवीसांचं. मुळा-मुठेच्या संगमावर इंग्रजांची रेसिडेन्सी आणि तिथे चार्ल्स मॅलेट. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स याच सुमारास पुण्यात होता. पेशव्यांचं आणि नानांचं चित्र काढणाऱ्या त्या वेल्सनेच 1794च्या आरंभी या बैलवाल्याचंही चित्र काढलं. त्यावरून छापलेली तसबीर युरोपभर फिरली आणि प्लास्टिक सर्जरीच्या पाठ्यपुस्तकांत आजही दिसते.

आता त्या कुंभाराने केलं काय ते सावकाश पाहू, कारण सगळी गंमत तपशिलात आहे.

आधी मेणाची पातळ चकती घेऊन ती नाकाच्या थोटकावर बसवली आणि बोटांनी दाबत तिला बऱ्यापैकी नाकाचा आकार दिला. मग तेच मेण सपाट करून कपाळावर उलटं ठेवलं आणि भोवती रेघ मारली. मेणाचं काम संपलं. रेघेवरून कातडी कापून सोलून काढली, पण दोन डोळ्यांच्या मधली एक अरुंद चिंधी तशीच जोडलेली ठेवली. नंतर थोटकावरचा जुना वण खरवडून काढून तिथे ताजं रक्त दिसू दिलं. नाकाच्या दोन्ही बाजूंनी आणि वरच्या ओठाच्या वर एक खाच पाडली. कपाळावरची कातडी खाली घेऊन अर्धा वळसा दिला आणि तिची कड त्या खाचेत बसवली. टाके नाहीत. कात पाण्यात मऊ करून कापडाच्या पट्ट्यांना फासला आणि अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक सांध्यावर ठेवल्या. चार दिवस त्याला हात लावला नाही. मग पट्ट्या काढून तुपात भिजवलेली कापडं ठेवली. पाच-सहा दिवस रोग्याला उताणं निजवलं. दहाव्या दिवशी नाकपुड्या मिटू नयेत म्हणून मऊ कापडाच्या गुंडाळ्या आत घातल्या. आणि पंचविसाव्या दिवसाच्या आसपास डोळ्यांमधली ती चिंधी कापून टाकली.

यात क्लोरोफॉर्म नाही, कारण भूल देण्यासाठी त्याचा वापर सुरू व्हायला अर्धं शतक बाकी होतं. जंतूंची कल्पना नाही. रक्त देणं नाही, औषधाची गोळी नाही. तरीही कपाळाची कातडी तीन आठवड्यांहून जास्त काळ जिवंत राहिली आणि नाक झाली.

या गोष्टीवर आपल्याकडे बरंच लिहिलं जातं, त्यात कौतुकाचा सगळा भर नाकावर असतो. मला नेहमी वाटतं की नाक घडवणं हा त्यातला सोपा भाग. मडकी घडवणाऱ्याचे हात मेणाचं नाक सहज करतील. खरी अक्कल त्या चिंधीत आहे, तिला आपण देठ म्हणू. कोकणातल्या हापूसच्या बागायतदाराला ते चटकन कळेल. भेटकलम करताना झाडाची फांदी मातृवृक्षावर असतानाच शेजारच्या रोपाला बांधतात. दोन्ही सालींचा जीव जुळेपर्यंत फांदीला अन्न आईकडूनच मिळतं, जुळल्यावर मग आईकडचं टोक कापतात. कुंभाराने कपाळाचं नाकाशी असंच भेटकलम केलं.

देठ न ठेवता कातडी पूर्ण सोलून नाकावर चिकटवली असती तर? पातळ कातडी कधीकधी जगते, खालच्या जागेतून झिरपणाऱ्या रसावर दोन-तीन दिवस तग धरते आणि तेवढ्यात नव्या रक्तवाहिन्या आत शिरतात. पण नाक उभं राहायला चरबीसकट जाड कातडी लागते आणि जाड कातडीला झिरपणारा रस पुरत नाही. ती आधी पांढुरकी, मग निळसर आणि चार-पाच दिवसांत काळी ठिक्कर पडते.

या काळं पडण्यामागे जे घडतं ते उलगडायला शास्त्रज्ञांना जवळपास दोन शतकं लागली. पेशीला रक्त मिळेनासं झालं की आधी प्राणवायू संपतो. मग ऊर्जेचा साठा, म्हणजे एटीपी, घसरतो. पेशीच्या भिंतीवर सोडियम बाहेर फेकणारे पंप असतात, ते ऊर्जेवर चालतात आणि बंद पडतात. सोडियम आत साचतो, त्याच्यामागे पाणी येतं, पेशी फुगते. साखर प्राणवायूशिवाय जाळल्याने आम्ल साठतं. शेवटी कॅल्शियम आत घुसतो आणि पेशीचीच विकरं तिला आतून खाऊ लागतात. स्नायूला हे सगळं फार लवकर भोवतं, नेहमीच्या तापमानाला दोन-चार तासांतच त्याचं न भरून येणारं नुकसान सुरू होतं. कातडी चिवट, ती सहा तासांच्या आसपास तग धरते, थंड ठेवली तर आणखी जास्त. म्हणूनच तुटलेलं बोट बर्फाच्या पाण्यातल्या पिशवीत ठेवून आणा असं डॉक्टर सांगतात. बोट थेट बर्फावर मात्र ठेवायचं नाही, गोठण्याची इजा वेगळीच.

बाकीच्या शरीराच्या मानाने कपाळ भाग्यवान. डोळ्याच्या खोबणीच्या आतल्या कोपऱ्यातून, चेहऱ्याच्या मध्यरेषेपासून साधारण 1.7 ते 2.2 सेंटिमीटरवर, एक बारीक धमनी बाहेर येते आणि भुवईपाशी स्नायूतून वर येऊन कातडीखालून कपाळावर चढते. तिचं उगमस्थान मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या धमनीत. शिवाय नाकाच्या मुळाशी तिची चेहऱ्याच्या धमनीच्या फांद्यांशी गाठ पडते, म्हणजे दोन वेगळ्या पुरवठ्यांचा तो संगम. एका बाजूने रक्त कमी पडलं तर दुसरीकडून येतं. कुंभाराने ठेवलेली चिंधी नेमकी याच संगमावर होती.

इथे आपल्या एका लाडक्या समजुतीला थोडा धक्का द्यावा लागेल. सुश्रुताने सांगितलं आणि पुण्याच्या कुंभाराने तसंच केलं, असं सरसकट म्हटलं जातं. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात नाक जोडण्याचा विधी आहे, त्यात पानाने माप घ्यायला सांगितलंय, नाकात नळ्या घालायला सांगितल्या आहेत, ज्येष्ठमध आणि रसांजनाची भुकटी लावायला सांगितली आहे. पण कातडी घ्यायची ती गालाची. पुण्याच्या कुंभाराने ती कपाळाची घेतली. मधल्या कुठल्यातरी शतकात, कुठल्यातरी हाताने हा बदल केला आणि तो साधा बदल नाही. कपाळावरची कातडी तिच्या स्वतःच्या धमनीसकट खाली आणता येते, वण गालावरच्यापेक्षा कमी खुपतो, पोत नाकाच्या कातडीशी जुळतो. परंपरेने जसंच्या तसं चालवलं असतं तर हे झालं नसतं. कोणीतरी बघून, चुकून, सुधारून हे केलं असणार.

त्या सुधारणेची कुठे नोंद नाही. आणि अपयशांचीही नाही. पत्रात लिहिलंय की ही शस्त्रक्रिया सर्रास यशस्वी होते. पण वीस वर्षांनी लंडनचा शल्यचिकित्सक जोसेफ कार्प्यू याने चौकशी केली तेव्हा चार्ल्स मॅलेटने जे सांगितलं त्यात एक मोलाची दुरुस्ती होती. ही क्रिया कुंभार-वीटकऱ्यांकडून पिढ्यानपिढ्या चालत आलीय, आणि ती प्रत्येक वेळी नाही तरी बहुतेक वेळा यशस्वी होते. मला मॅलेटचं म्हणणं जास्त पटतं. अरुंद देठाला अर्धा वळसा दिल्यावर कधीतरी धमनी पिरगळतेच.

कार्प्यूने आधी प्रेतांवर सराव केला, पुण्यात काय घडलं याची जमेल तितकी माहिती गोळा केली आणि 23 ऑक्टोबर 1814 रोजी एका अधिकाऱ्यावर ही शस्त्रक्रिया केली. त्या माणसाचं नाक पाऱ्याच्या औषधांनी गेलं होतं. वेळ लागला सुमारे 15 मिनिटं. दुसरा रोगी कॅप्टन लेथम, अल्बुएराच्या लढाईत पलटणीचं निशाण वाचवताना जखमी झालेला. 1816 साली कार्प्यूचं पुस्तक आलं, 1818 साली बर्लिनहून ग्रेफे या शल्यचिकित्सकाचं. तेव्हापासून युरोपात या पद्धतीला भारतीय पद्धत म्हणतात. पुढे 1889मध्ये जुनागढचे डॉ. त्रिभुवनदास मोतीचंद शाह यांनी या शस्त्रक्रियेवर पुस्तक लिहिलं. काठियावाडात दरोडेखोर नाकं कापत, त्यामुळे त्यांच्याकडे रोग्यांचा तोटा नव्हता.

पुण्याचा या विद्येशी संबंध एवढ्यावर संपला नाही. पहिल्या महायुद्धात चेहरे उडालेल्या सैनिकांवर काम करून हॅरॉल्ड गिलीज यांनी आधुनिक प्लास्टिक सर्जरी उभी केली. त्यांच्या हाताखाली शिकलेले डॉ. नोशीर अंतिया 1950च्या दशकात कोंढव्याच्या कुष्ठरोग रुग्णालयात शस्त्रक्रिया करू लागले. तिथेही नाकच, पण बिघाड वेगळा. कुष्ठरोगाच्या जंतूला थंडावा मानवतो, म्हणून तो नाकाच्या आतल्या अस्तरात घर करतो. अस्तर आणि मधला कूर्चेचा पडदा झिजतो आणि नाक खोगिरासारखं बसतं. बाहेरची कातडी मात्र शाबूत असते. अशा रोग्याच्या कपाळाला हात लावायची गरजच नाही, गेलेलं अस्तर भरून काढलं की बसलेली कातडी पुन्हा वर उचलता येते. ऊती कुठल्या थरात मेली आहे हे आधी पाहायचं आणि मग हत्यार उचलायचं, हा धडा कोंढव्यात रोज गिरवला जात होता. त्या काळात कुष्ठरोग्याला शिवायलाही लोक तयार नसत, हे इथे विसरू नये.

कुंभाराला जे हाताने कळलं होतं ते नकाशावर आणण्याचं काम शरीररचनाशास्त्रज्ञांचं. 1889 साली स्ट्रासबुर्गमध्ये कार्ल मांशो नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने प्रेतांच्या कातडीतल्या धमन्या एकेक शोधून अंगभर त्यांच्या हद्दी आखल्या. तेव्हा क्ष-किरणही नव्हते, ते 1895मध्ये आले. पुस्तक जर्मनमध्ये होतं, शल्यचिकित्सकांनी त्याकडे ढुंकून पाहिलं नाही. 1987मध्ये मेलबर्नच्या इयन टेलर आणि पामर यांनी ताज्या प्रेतांच्या धमन्यांत शाई आणि शिशाचं संयुग सोडून क्ष-किरण काढले. चित्र आलं ते असं: शरीर म्हणजे सुमारे 40 त्रिमितीय तुकडे, प्रत्येकाची एक मुख्य धमनी. शेजारच्या दोन तुकड्यांमध्ये बारीक, आकसलेल्या वाहिन्यांची सीमा. एरवी या सीमेवरून फारसं रक्त जात नाही. पण एका बाजूचा पुरवठा तुटला की पुढच्या दिवसांत त्या वाहिन्या हळूहळू रुंदावतात आणि शेजारचं रक्त आत येऊ लागतं. कातडी एकदम न उचलता आधी अर्धीच मोकळी करून आठ-पंधरा दिवस तशी ठेवली तर ती जास्त लांबपर्यंत जगते, हे सोळाव्या शतकापासून शल्यचिकित्सकांना माहीत होतं. का जगते, ते टेलरच्या चित्रांनी दाखवलं.

मेलेल्या शरीरात नकाशा मिळतो, रक्त वाहताना दिसत नाही. त्यासाठी जनावरं लागली. शल्यचिकित्सेत एक जुना नियम होता, कातडीचा पट्टा जितका लांब त्या मानाने त्याचं मूळ रुंद हवं. 1970मध्ये ऑक्सफर्डच्या स्टुअर्ट मिल्टन यांनी डुकरांवर तो तपासला. मूळ दुप्पट रुंद केलं तरी जिवंत राहणारी लांबी तेवढीच राहिली. कारण रुंदीबरोबर वाहिन्यांची संख्या वाढते, दाब वाढत नाही. महत्त्व रुंदीला नाही, देठात नीट धमनी आहे की नाही याला. 1973मध्ये ग्लासगोच्या मॅकग्रेगर आणि मॉर्गन यांनी हाच भेद पक्का केला. धमनीवर आधारलेले पट्टे वेगळे, कुठूनही घेतलेले वेगळे. आज नाकाची शस्त्रक्रिया करताना देठ 1.2 ते 1.5 सेंटिमीटरचाच ठेवतात. रुंद ठेवला तर वळसा देताना तोच आवळतो. कुंभाराची अरुंद चिंधी आता कुणाला धाडस वाटत नाही.

उंदरांवरचे प्रयोग तर मोजता येणार नाहीत इतके. 1965मध्ये मॅकफार्लेन आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या पाठीवर 10 सेंटिमीटर लांब, 4 सेंटिमीटर रुंद पट्टा उचलायची पद्धत बसवली. या पट्ट्याचं टोक ठरलेल्या प्रमाणात काळं पडतं. मग एखादं औषध द्यायचं आणि काळा भाग किती कमी झाला ते मोजायचं. हे इतकं सोयीचं निघालं की जगभरच्या प्रयोगशाळांनी रक्तवाहिन्या फुलवणाऱ्या औषधांपासून वनस्पतींच्या अर्कांपर्यंत सगळं या पट्ट्यावर तपासलं. आपल्याकडच्या औषधनिर्माणशास्त्राच्या प्रबंधांतही याच धर्तीचं काम दिसतं. अवयव बदलतो, कधी यकृत, कधी हृदय, कधी कातडी. आधी ठरवून इजा करायची, मग रक्षण करू पाहणारं द्रव्य द्यायचं, शेवटी पेशींचे काप सूक्ष्मदर्शकाखाली.

अडचण अशी की उंदराच्या पाठीवर बहुतेक काहीही लागू पडतं. त्याची कातडी सैल, तिच्याखाली आपल्यात नसलेला स्नायूचा पापुद्रा, आणि उचललेला पट्टा खालच्या जागेतूनही थोडं पोषण घेऊन जगतो. डुकराची कातडी माणसाच्या जास्त जवळची, पण डुक्कर पाळायला महाग. त्यामुळे उंदरावर यशस्वी झालेल्या औषधांपैकी फारच थोडी रुग्णालयापर्यंत पोचली. एखाद्या अर्काने उंदराची कातडी वाचली अशी बातमी वर्तमानपत्रात वाचली की मी आधी बघतो, औषध इजेच्या आधी दिलं होतं की नंतर. बहुतेकदा आधी दिलेलं असतं. रोगी मात्र इजा झाल्यावर येतो.

या प्रयोगांनी एक अनपेक्षित गोष्ट पुढे आणली. रक्त थांबल्याने जेवढं नुकसान होतं, त्यात रक्त परत आल्यानेही भर पडते. 1978मध्ये जेम्स मे आणि सहकाऱ्यांनी सशांच्या कातडीचे पट्टे पूर्ण तोडून, वेगवेगळ्या वेळाने पुन्हा जोडले. आठ तासांपर्यंत रक्त पुन्हा खेळतं झालं. बारा तासांनंतर धमनी मोकळी असूनही रक्त आत जाईना. सुजलेल्या पेशी आणि अडकलेले रक्तकण यांनी केशवाहिन्यांची वाट बंद केली होती. 1981मध्ये मांजरांच्या आतड्यावरच्या प्रयोगांतून दिसलं की परत आलेला प्राणवायू क्षणार्धात विध्वंसक मुक्त कणांत बदलतो. पाठोपाठ पांढऱ्या पेशी धावून येतात आणि शत्रू समजून आपल्याच ऊतीवर तुटून पडतात.

1986मध्ये अमेरिकेत मरी, जेनिंग्ज आणि रायमर यांनी कुत्र्यांच्या हृदयावर उलटाच प्रयोग केला. धमनी 5 मिनिटं बंद, 5 मिनिटं उघडी, असं चार वेळा केलं. मग ती 40 मिनिटं बंद ठेवली. थेट 40 मिनिटं बंद ठेवलेल्या कुत्र्यांच्या मानाने या कुत्र्यांचा मेलेला स्नायू चौथ्या हिश्श्यावर आला. छोट्या झटक्यांनी स्नायू जणू सावध झाला होता. मात्र धमनी तीन तास बंद ठेवली तेव्हा काही फायदा झाला नाही. म्हणजे पूर्वतयारीने मृत्यू टळत नाही, लांबतो. पुढे कातडी आणि हातापायांच्या स्नायूंतही हे दिसलं.

रुग्णालयात टिकलेला एक साधा उपाय म्हणजे हृदयरोग्यांच्या ओळखीच्या नायट्रोग्लिसरिनचं मलम. कॅनडातल्या व्हँकूव्हरमध्ये स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या 165 स्त्रियांवर याची चाचणी झाली, 2015मध्ये ती प्रसिद्ध झाली. शिल्लक ठेवलेल्या कातडीला नुसतं मलम लावलेल्या गटात ती काळी पडण्याचं प्रमाण 33.8 टक्के होतं, नायट्रोग्लिसरिनच्या गटात 15.3 टक्के. उंदरांवरून आलेल्या औषधाचं इतकं स्वच्छ यश क्वचितच दिसतं.

दुसरा उपाय जळवांचा. त्या सुश्रुतानेही वर्णिल्या आहेत, पण त्याचा हेतू वेगळा होता, दूषित रक्त काढण्याचा. आज त्या लावतात ते धमनी चालू असून शीर तुंबलेली असेल तर. अशी कातडी गच्च निळी होते, आत आलेलं रक्त बाहेर पडत नाही. जळवेच्या लाळेतलं हिरुडिन रक्त गोठू देत नाही आणि ती गळून पडल्यावरही जखम काही तास पाझरत राहते. तेवढ्या अवधीत नव्या शिरा तयार व्हायला सुरुवात होते. अमेरिकेत औषधांवर नियंत्रण ठेवणाऱ्या संस्थेने 2004मध्ये जळवांना वैद्यकीय साधन म्हणून परवानगी दिली. जळवेच्या पोटात एरोमोनास नावाचे जंतू असतात, म्हणून सोबत प्रतिजैविक द्यावं लागतं.

आता पुन्हा काताकडे. विड्यात रंग आणणारा हा पदार्थ खैराच्या लाकडाचा अर्क, टॅनिनने भरलेला. टॅनिन प्रथिनांना आवळून घट्ट करतं, त्यामुळे काताच्या पट्ट्या सुकल्यावर साच्यासारख्या कडक झाल्या असणार, आणि जंतूंनाही काही प्रमाणात अटकाव झाला असणार. सर्वांत मोठा फायदा असा की टाके लागले नाहीत. टाका ओढून घातला की कडेची कातडी आवळली जाते, रक्त आधीच तोकडं असलेल्या कडेला हे परवडत नाही. तुपाच्या कापडाचंही तसंच. लंडनच्या जॉर्ज विंटर यांनी 1962मध्ये डुकराच्या वरवरच्या जखमा प्लास्टिकच्या पातळ आवरणाखाली ओल्या ठेवल्या तर त्या उघड्यावर खपली धरलेल्या जखमांपेक्षा दुपटीच्या वेगाने भरतात हे दाखवलं. तोवर जखम कोरडी ठेवावी असंच डॉक्टर सांगत. तुपाचं कापड जखमेला चिकटत नाही आणि तिला कोरडी पडू देत नाही. म्हणून तूप लावा असं मी म्हणत नाही. निर्जंतुक ड्रेसिंग दुकानात मिळतं.

आजची शस्त्रक्रिया पाहिली तर साधनं बदललेली दिसतात, क्रम तोच. मेणाऐवजी टाक्याच्या दोऱ्याच्या पाकिटाचा चमकता कागद कापून नाकाचा साचा करतात आणि तो कपाळावर उलटा ठेवून आखतात. छोट्या डॉप्लर यंत्राने धमनीचा आवाज ऐकून तिची जागा नक्की करतात. रात्री वॉर्डातली सिस्टर दर तासाला येते, कातडीवर बोट दाबते आणि सोडते. पांढरा ठसा दोन-तीन सेकंदांत गुलाबी झाला तर ठीक. झालाच नाही आणि कातडी गार लागली तर धमनीची अडचण. फार झटकन भरला आणि रंग जांभळा दिसला तर शिरेची. शंका आली तर डॉक्टर सुईचं टोक टोचून बघतात. लाल थेंब आला तर चेहरे सैल पडतात, काळपट आला तर ताबडतोब टाके सोडून देठाचा वळसा तपासतात.

रोगी विडी-सिगारेट ओढणारा असेल तर हे सगळं अवघड होतं. निकोटिनने धमन्या आकसतात, धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातली प्राणवायूची जागा अडवतो. त्यामुळे बरेच शल्यचिकित्सक महिनाभर आधी सोडा, नाहीतर शस्त्रक्रिया पुढे ढकलतो, असं बजावतात.

देठ कधी कापायचा हा प्रश्न मात्र अजून पुरता सुटलेला नाही. पाठ्यपुस्तकं तीन आठवडे म्हणतात, म्हणजे कुंभाराच्या पंचविसाव्या दिवसाच्या जवळपास. आता इंडोसायनिन ग्रीन नावाचं रंगद्रव्य शिरेतून देतात आणि अवरक्त कॅमेऱ्यात नव्या नाकात ते कुठून शिरतंय ते पाहतात. देठ चिमटीत बंद करून रंग नाकाच्या बाजूने येताना दिसला, तर काही शल्यचिकित्सक दोन आठवड्यांतच कापतात. रोग्याला कपाळापासून नाकापर्यंतची सोंड घेऊन लोकांत जावं लागतं, त्याला एक आठवडासुद्धा खूप असतो. पण धूम्रपान करणारा किंवा त्या जागी किरणोपचार झालेला रोगी असेल, तर तेच शल्यचिकित्सक तीन आठवडे झाल्यावरही हात आखडता घेतात आणि देठ आणखी काही दिवस तसाच राहू देतात.